हवेचं भाडं

तीस सेंटिमीटर गुणिले बावीस गुणिले दहा
भागिले पाच हजार.
उत्तर एक किलो तीनशे वीस ग्रॅम.
काट्यावर तोच डबा नव्वद ग्रॅमचा.
मधला फरक हवेचा,
आणि कुरिअरवाला हवेचंही भाडं लावतो.
मी मुंडावळ्या विकते.
म्हणजे बहुतेक हवाच:
मोती, दोरा,
कानशिलांवरून ओघळणारी दोन टोकं.

पहिल्या वर्षी डबे वापरले.
सियागंजातून घाऊक आणलेले, पांढरेशुभ्र,
मिठाईच्या डब्यांचे चुलतभाऊ.
वाटायचं, लग्नाची वस्तू,
डब्यातूनच जायला हवी.
मार्चअखेर वही मिटवताना कळलं,
वर्षभर मी इंदूरची हवा
बेंगळुरूला, जबलपूरला, ठाण्याला
पदरमोड करून पोचवत होते.
तिथे कुणी ती मागितली नव्हती.

आता सपाट पाकिटं.
आत लग्नपत्रिकेचा पुठ्ठा, तो फुकट.
नारायण बागेतला छापखाना
चुकलेल्या पत्रिका रद्दीत काढतो,
कुणाची तिथी चुकलेली, कुणाचं आडनाव.
पुठ्ठ्याला खाचा, खाचांत सरी,
कारण मोत्यांचा गुंता
हळदीच्या हातांनी सुटत नाही,
आणि मग रात्री अकराला
मुलीच्या आईचा फोन येतो.

‘पैसे पोचल्यावर’ हा पर्याय मी बंद केला.
सात पाकिटं परत आली होती त्या पायी.
जाण्याचं भाडं माझं, येण्याचंही माझं.
वर एक शिक्का: न स्वीकारता परत.
लग्न मोडलं,
की गावच्या बाजारात स्वस्त मिळाल्या,
शिक्क्यावर लिहिलेलं नसतं.
त्या सात जोड्या वेगळ्या ठेवल्या आहेत.
विकायला हात होत नाही.

वैशाखात मेळघाटातून मागणी आली.
यमुनाबाई धांडे, एक जोडी, एकशे ऐंशी रुपये.
गावाचं नाव
नकाशा बोटांनी ताणल्याशिवाय दिसत नव्हतं.
पिनकोड टाकला.
पहिली कंपनी: सेवा उपलब्ध नाही.
दुसरी: सेवा उपलब्ध नाही.
तिसरी नेणार होती परतवाड्यापर्यंत,
पुढचं तुम्ही बघा,
आणि त्याचे एकशे चाळीस.

उरलं पोस्ट.
जी.पी.ओ.त भदौरियाजींनी काट्यावर ठेवलं:
त्रेपन्न.
पन्नासच्या वर गेलं की पुढची पायरी, पुढचा दर.
तोंड मी वजनानंतरच चिकटवते.
त्यांचीच कात्री मागून
पुठ्ठ्याची एक कड उडवली.
कुणाचं तरी चुकलेलं आडनाव
तीन ग्रॅमचं निघालं.
“बस, हो गया मॅडम,”
भदौरियाजी म्हणाले,
जणू त्यांच्याच घरचं कार्य.

लग्नाला नऊ दिवस.
पाकीट पाचव्या दिवशी परतवाड्याला,
सहाव्या दिवशी परतवाड्याला,
सातव्याही.
फोनच्या पडद्यावर तेच गाव बघत
मी भाजी करपवली.
एकशे चाळीसवाल्याला दिलं असतं तर?
तेही तिथेच अडकलं असतं,
पण मला दोष कमी वाटला असता.
महाग पडण्याचा हा एक फायदा असतो.

आठव्या दिवशी मीच फोन लावला.
मागे सनई नव्हती, मिक्सर होता.
यमुनाबाई म्हणाल्या,
“अवो ताई, जिवाले काऊन घोर लावता?
आमच्याकडं टपाल माझा भाऊच वाटते.
मामाच हाय पोरीचा.
पोरीले मांडवात तोच आननार,
तं मुंडावळ्या काय मांगं ठेवन?”

रात्री वही काढली.
मोती सत्तर, दोरा नऊ, पाकीट चार,
टपाल बासष्ट.
उरले पस्तीस.
माझे दोन तास
कुठल्या रकान्यात घालायचे ठरलेलं नाही अजून,
तो रकाना आखायला पट्टी घेतली
आणि तशीच ठेवून
उद्याची तीन पाकिटं
काट्यावर ठेवली.
अठ्ठेचाळीस. एकोणपन्नास.
एक्कावन्न.
कात्री कुठे गेली?